कट्ट्यावरच्या नऊ मोटारी

१

शनिवारी सकाळी आठला नळाचं पाणी गेलं आणि भुवनेश्वरीनं आपल्या हौदात वाकून पाहिलं. तळाशी वीतभर पाणी होतं. तिनं कोळशाचा तुकडा घेतला, हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला एक रेघ ओढली आणि पदर खोचून गल्लीत आली.

"कोन मोटार लावतंय ते आज मला कळलंच पायजे!" ती ओरडली. "पाच दिवसांतनं एकदा पानी येतंय. तेबी गिळताय व्हय रे मेल्यांनो?"

जुळे सोलापुराच्या अलीकडची ही गल्ली म्हणजे एका ओळीत नऊ घरं. सगळ्यांना मिळून एकच पाइप, आणि भुवनेश्वरीचं घर शेवटचं, नववं. ती कडक भाकरी करून हॉटेलांना देते. हौद कोरडा म्हणजे पीठ मळता येत नाही, पीठ मळलं नाही म्हणजे भाकरी नाही. गेल्या दोन पाळ्यांत तिनं दोन हॉटेलं गमावली होती.

तीन वर्षांपूर्वी या गल्लीत पाण्याच्या दिवशी नऊच्या नऊ घरं नळाला मोटार जोडायची. ज्याची मोटार मोठी त्याचा हौद भरायचा. बाकीचे शिव्या द्यायचे आणि त्याच्याहून मोठी मोटार आणायचे. शेवटी मोटारी जळायला लागल्या आणि दोन घरांत डोकी फुटली. तेव्हा गल्लीनं ठराव केला. पाणी सुटलं की प्रत्येकानं आपली मोटार काढायची आणि मारुतीच्या कट्ट्यावर आणून ठेवायची. नऊ मोटारी ओळीनं, प्रत्येकीवर घराचा नंबर. पाणी जाईपर्यंत त्या तिथंच राहतील. नंतर घरी नेऊन हौदातलं पाणी खुशाल वरच्या टाकीत चढवा. जो मोडील त्याचा नळ दोन पाळ्या बंद. खाली नऊ सह्या.

आणि मोटारींची राखण गिरिजाबाईंकडे. त्या चार नंबरच्या घरात राहत. निवृत्त शिक्षिका, वय एकाहत्तर, विषय नागरिकशास्त्र. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातची छडी खाल्लेली. पाण्याच्या दिवशी सहा ते आठ त्या कट्ट्यावर बसून असत.

"बाई, तुमीच सांगा," भुवनेश्वरी त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. "मोटारी किती हायत?"

"नऊ," गिरिजाबाई म्हणाल्या. "मी दोनदा मोजल्या."

"मग माझं पानी कुटं गेलं?"

गिरिजाबाई ओळ तिसऱ्यांदा मोजायला लागल्या.

२

रविवारी कट्ट्यावर बैठक बसली. एक नंबरच्या घरातले चन्नवीर गल्लीचे अध्यक्ष. ठराव त्यांनीच लिहिला होता आणि संधी मिळेल तेव्हा ते तो तोंडपाठ म्हणून दाखवत.

"नऊ मोटारी इथं असताना पाणी ओढलं जातंय, म्हणजे दहावी मोटार आहे," चन्नवीर म्हणाले. "आता दहावी मोटार कुणाच्या घरात असते, हे मी सांगायला पाहिजे काय?"

सगळ्यांनी पाच नंबरच्या सिद्धरामकडे पाहिलं. सिद्धराम मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्या पुढच्या खोलीत केव्हाही पाच-सहा मोटारी पोट उघडून पडलेल्या असत.

"दुसऱ्याच्या हायत त्या," सिद्धराम म्हणाला. "आन् निम्म्या जळलेल्या."

"निम्म्या जळलेल्या. म्हणजे निम्म्या चालू," चन्नवीर म्हणाले.

लोक हसले. सिद्धराम हसला नाही. तो भाड्यानं राहत होता आणि घरमालक होटगीला. चन्नवीरांनी सांगून टाकलं, की गुरुवारच्या पाळीपर्यंत चोर सापडला नाही तर सिद्धरामचा नळ बंद होईल आणि मालकाला फोन जाईल.

"आणि तरीही पाणी आलं नाही तर ठराव फाडायचा," मागून कुणीतरी म्हणालं. "ज्यानं त्यानं आपली मोटार आपल्या घरात ठेवायची."

त्यावर कुणी नको म्हणालं नाही. गिरिजाबाईंच्या ते लक्षात आलं. ठराव फाटला तर पुढच्या चार घरांचं काहीच बिघडत नव्हतं, त्यांच्याकडे पाणी आधी येतं. त्या चार घरांत त्यांचंही घर होतं.

"मला गुरुवारपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या. "तोवर सिद्धरामला कुणी चोर म्हणायचं नाही."

"बाई, तुम्ही म्हणताय म्हणून," चन्नवीर म्हणाले.

३

गिरिजाबाई आधी सिद्धरामकडेच गेल्या. त्यानं न सांगता हौदाचं झाकण उघडलं. हौद अर्धा होता.

"हे कुणाला का दाखवलं नाहीस?"

"दाखवून काय करू, बाई? म्हंतील, पानी वर चढवून हौद अर्धा ठिवलाय. ज्याच्यावर संशय असतो त्याचं खरंबी खोटंच दिसतंय की."

हे उत्तर त्यांना पटलं. पण उत्तर पटणं वेगळं आणि पुरावा वेगळा.

सात नंबरच्या घरात दिग्विजय राहायचा. केम गावचा पोरगा, तीन मित्रांबरोबर भाड्यानं राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करायचा. त्याच्या भिंतीवर नकाशे होते आणि तोंडात वादविवाद.

"बाई, माझ्यावर संशय घ्या, मला काय वाईट वाटत न्हाय," तो म्हणाला. "मी तर उघड सांगतो, माणूस स्वार्थीच असतो. मी ठराव पाळतो तो चांगला हाय म्हणून न्हाय. मोटारींच्या मारामारीत सात नंबरला एक बादली यायची, आता सहा येतात. परवडतं म्हणून पाळतो."

"आणि उद्या मोडणं परवडलं तर?"

"तर मोडीन. पण पकडलो जाईन की. कट्ट्यावर तुमी बसलेल्या असता."

"समज, मी बसले नाही. कुणीच बघत नाही. मग?"

दिग्विजयनं पेन कानावर अडकवलं. "मग... बघू की तवा," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळून हसला.

"बरं, पाण्याच्या वेळेला मोटारीचा आवाज ऐकलास कधी?"

"मोटारीचा न्हाय. त्या टायमाला गल्लीभर कपड्यांची मशिनं घरघरत असतात. त्यात काय कळतंय?"

शेवटी त्या भुवनेश्वरीकडे आल्या. ती चुलीपुढं बसून हातावर भाकरी थापत होती. उरलेल्या पाण्यात जेवढ्या होतील तेवढ्या.

"पाणी सुरुवातीपासूनच येत नाही का गं?"

"न्हाय की. पयली धा मिंटं झकास येतंय. तुमी कट्ट्यावर बसला, मोटारी मोजून झाल्या, की गळा दाबल्यागत बंद."

म्हणजे चोर मोजणी होईपर्यंत थांबतो. गिरिजाबाईंनी मान डोलावली.

"आन् हे बघा." भुवनेश्वरीनं त्यांना हौदापाशी नेलं. भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपुढं वाराचं पहिलं अक्षर. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारची रेघ खाली, शुक्रवारची खाली, सोमवारची खाली, कालच्या शनिवारची तर तळाशीच. मधे एकच रेघ काठाला टेकली होती. बुधवारची.

"त्या बुधवारी हौद काठोकाठ भरला. का, ते इठ्ठलाला ठावं."

"बुधवारी मी तापानं पडले होते," गिरिजाबाई आठवून म्हणाल्या. "कट्ट्यावर आलेच नाही. आमच्या सुनेनं, पूनमनं, माझं डोकं दुखतंय म्हणून कपड्यांचं मशीनसुद्धा लावलं नव्हतं, इतकी काळजी घेतली पोरीनं."

"मग राखनीला कोन होतं?"

गिरिजाबाई बोलता बोलता थांबल्या. बुधवारी त्यांच्या जागी कट्ट्यावर दोन तास बसला होता तो सिद्धराम.

४

ही गोष्ट लपून राहिली नाही. भुवनेश्वरीनं शेजारणीला सांगितली, शेजारणीनं गल्लीभर सांगितली आणि सोमवारी दुपारी चन्नवीर स्वतः गिरिजाबाईंकडे आले.

"झालं की बाई! सिद्धराम घरात असतो तेव्हा पाणी जातं. तो कट्ट्यावर बसला त्या दिवशी नाही गेलं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

तर्क सरळ होता. गिरिजाबाईंना त्यात फट सापडेना. चार दिवस त्या शेंगा सोलत, निवडत, त्याच एका बुधवारभोवती फिरत राहिल्या. बुधवारी काय बदललं? सिद्धराम घरातून कट्ट्यावर आला. एवढंच बदललं. एवढंच?

पाटीवरचं एक अक्षर पुसून दुसरं लिहिलं, की पोरं नवं अक्षर वाचतात. काय पुसलं गेलं, ते कुणी विचारत नाही. चाळीस वर्षं पोरांना शिकवताना त्यांनी हे पाहिलं होतं आणि आता त्या स्वतःच तसं करत होत्या. पण ते त्यांना गुरुवारी कळलं.

गुरुवारी सहाला पाणी सुटलं. एकेक जण मोटार घेऊन आला. कुणी खांद्यावर, कुणी दोघांत मिळून. गिरिजाबाईंचा मुलगा महेश्वर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तो सगळ्यांत आधी यायचा, मोटार ठेवायचा आणि आईसाठी सतरंजी अंथरून जायचा. आजही त्यानं अंथरली.

नऊ मोटारी झाल्या. गिरिजाबाईंनी मोजल्या. मग, तीन वर्षांत पहिल्यांदाच, त्या मोजून थांबल्या नाहीत. उठल्या आणि एकेका मोटारीपाशी वाकून बघू लागल्या.

रोज चालणाऱ्या मोटारीच्या पोटात पाणी राहतं. ती हलवली की थोडं सांडतं. एक नंबरच्या मोटारीखाली कट्ट्यावर ओला डाग होता. दोनच्या खाली होता. तीनच्या खाली होता. पाच, सहा, सात, आठ, नऊ, सगळीकडे ओलं. एकाच मोटारीखालचा दगड कोरडा होता.

त्या गुडघ्यांवर बसल्या. त्या मोटारीच्या तोंडात मातीचं गोल बूच होतं, बोटानं लिंपल्यासारखं. कुंभारीण माशीचं घर. वाळून टणक झालेलं. अशा मातीवर पाण्याचा एक हबका आला तरी ती विरघळून जाते. म्हणजे या मोटारीतून कित्येक आठवडे थेंबही गेला नव्हता. ही मेलेली मोटार होती. केवळ मोजण्यापुरती आणून ठेवलेली. हिची जिवंत बहीण कुठल्यातरी घरात आत्ता नळाला तोंड लावून बसली होती.

त्यांनी नंबर वाचला. पांढऱ्या ऑइलपेंटनं, सुबक अक्षरात लिहिलेला.

चार.

५

बुधवारी सिद्धराम कट्ट्यावर आला होता, हे सगळ्यांनी पाहिलं. त्याच बुधवारी गिरिजाबाई घरी होत्या, हे कुणी मोजलंच नव्हतं. त्यांनी स्वतःसुद्धा नाही. त्या घरी होत्या म्हणून चोरी झाली नाही. पहिली दहा मिनिटं पाणी यायचं ते मोजणी होईपर्यंत नव्हे, त्या घरातून निघून कट्ट्यावर बसेपर्यंत. आणि कपड्यांचं मशीन त्या दिवशी लावलं नाही, कारण झाकायला आवाजच नव्हता.

साऱ्या गल्लीवर नजर ठेवणाऱ्या बाईच्या घरावर नजर ठेवायचं कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

त्या घरी गेल्या. मागच्या मोरीत कपड्यांचं मशीन रिकामंच गरगरत होतं. त्याच्या आड नवी कोरी मोटार. पूनमनं सासूला पाहिलं आणि हातातलं कापड खाली पडलं. महेश्वरनं मुकाट्यानं दोन्ही बटणं बंद केली.

"किती दिवस?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"दोन महिने," महेश्वर म्हणाला. "आई, ओरडू नकोस. बाहेर ऐकू जाईल."

"मी ओरडले का?"

"माझं म्हणणं ऐक. बाकी आठ घरं ठराव पाळतायत. मग आपण एकट्यानं मोडल्यानं कुणाचं काय अडतं? आणि उद्या सगळेच मोडायला लागले, तर आपण एकट्यानं पाळून काय मिळणार? कसंही धर, आपलं मोडण्यातच भलं आहे. आणि तू दर पाळीला दोन तास उन्हात बसतेस. त्याचं गल्ली तुला काय देते? एक बादली तरी जास्त?"

गिरिजाबाई पालथ्या बादलीवर बसल्या. वर्गात हुशार पोरगं चुकीचं उत्तर बरोबर रीतीनं मांडतं तेव्हा जसं वाटतं, तसं त्यांना वाटत होतं.

"तुझी रीत चोख आहे," त्या म्हणाल्या. "फक्त ती तुला एकट्यालाच सुचली असं तू धरलंस. हेच गणित नवव्या घरात बसून मांड बघू. भुवनेश्वरीला तुझ्यासारखी दुसरी मोटार घ्यायला काय झालं होतं? तिनं का नाही घेतली? कट्ट्यावर नऊ दिसतायत म्हणून तिनं विश्वास ठेवला. तू पाणी नंतर ओढलंस, महेश्वर. आधी तो विश्वास ओढलास."

पूनमला रडू आलं. "आई, आत्ता ही मोटार काढून टाकतो. आजपासून बंद. भुवनेश्वरीकाकूंना पाणी मिळंल, ठराव राहील. कुणाला सांगायचं काय कारण?"

"आणि सिद्धराम?"

महेश्वर खाली बघत म्हणाला, "त्याला काय, होटगीत दुसरी खोली मिळंल. हातात धंदा आहे."

गिरिजाबाईंनी नव्या मोटारीवर हात ठेवला. पूनम म्हणत होती ते खोटं नव्हतं. गप्प राहिलं तर गल्लीला पाणी मिळत होतं, ठराव वाचत होता, आपलं नाव राहत होतं. नुकसान फक्त एका माणसाचं, आणि त्याच्यावर तर आधीच सगळ्यांचा संशय. सगळं इतकं नेमकं जुळत होतं, की त्यांना त्या जुळण्याचीच भीती वाटली. आता कुणी बघत नव्हतं. दिग्विजयला त्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच मोरीत येऊन उभा राहिला होता, आणि 'बघू की तवा' म्हणायचं त्यांचं वय नव्हतं.

"उचल ती मोटार," त्या म्हणाल्या. "आणि चल माझ्याबरोबर."

"आई, माझं जाऊ दे. तुझं नाव जाईल गं."

"जाऊ दे. चल."

६

आठला पाणी गेलं तेव्हा सगळी गल्ली कट्ट्याशी जमली होती. चन्नवीर हातात मोबाइल घेऊन उभे होते. होटगीच्या मालकाचा नंबर काढून ठेवलेला. सिद्धराम कडेला मान खाली घालून उभा होता. गिरिजाबाई आल्या, मागून महेश्वर. त्यानं नवी मोटार कट्ट्यावर ठेवली. आता त्या दहा झाल्या.

गिरिजाबाईंनी वर्गात शिकवावं तसं सगळं सांगितलं. कोरडा दगड, माशीचं घर, बुधवार, रिकामं मशीन. काही गाळलं नाही आणि काही वाढवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "घर नंबर चार. माझं."

लोक दहाव्या मोटारीकडे वाकून बघू लागले. मग चन्नवीरांनी घसा खाकरला.

"बाई, पोराची चूक झाली. तुमचा काय संबंध? माणूस आहे, होतं. तुम्ही एवढी वर्षं गल्लीसाठी बसलात. दंडबिंड काही नको, विषय संपला."

"व्हय, व्हय, जाऊ द्या," दोघं-तिघं म्हणाले.

"सिद्धरामला पण जाऊ दिलं असतं का, चन्नवीर?"

चन्नवीरांनी मोबाइल खिशात टाकला.

"माणूस बघून बदलतो तो ठराव नव्हे," गिरिजाबाई म्हणाल्या. "मग ती मोठ्याची मर्जी झाली. खाली नऊ सह्या आहेत, त्यांतली एक माझी आहे. दोन पाळ्या नळ बंद. आणि यापुढं राखण पाळीपाळीनं. जो राखणीला बसेल त्याच्या घरात शेजाऱ्यानं डोकावायचं. माझ्यापासून सगळ्यांच्या."

मग त्या सिद्धरामसमोर गेल्या. "चार दिवस तुला मान खाली घालून चालावं लागलं. माझ्या घरामुळं."

"तुमी कशाला, बाई..." सिद्धराम गडबडला.

"मी नाही. महेश्वर, तू म्हण."

महेश्वर चव्वेचाळीस वर्षांचा होता. गल्लीदेखत तो शाळेतल्या पोरासारखा पुढं झाला. "चुकलं माझं," तो म्हणाला. आवाज बसला होता म्हणून सिद्धरामनं ऐकलं की नाही कळेना, तर त्यानं पुन्हा म्हटलं.

दिग्विजय मागून पुटपुटला, "बाई, हे काय परवडतं म्हणून केलेलं न्हाय." या वेळी तो हसत नव्हता.

पुढची पाळी मंगळवारी आली. चार नंबरचा नळ बंद होता. कट्ट्यावर राखणीला सिद्धराम बसला होता. गिरिजाबाईंच्या हौदाला तळ लागला होता, म्हणून आठ वाजता महेश्वर दोन घागरी घेऊन गल्लीच्या टोकाला गेला. दुसऱ्या कुठल्याही दारात तो गेला असता, पण आईनं दार नेमून दिलं होतं.

भुवनेश्वरी हौदाच्या काठावर उभी होती. हौद काठोकाठ भरला होता. तिनं कोळशानं रेघ ओढली, हात पदराला पुसले आणि महेश्वरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यानं घागरी खाली ठेवल्या. मागायला तोंड उघडेना.

"गप का? त्वांड न्हाय व्हय?"

"काकू, दोन घागरी पाणी पाहिजे."

भुवनेश्वरीनं बादली हौदात सोडली. एक घागर भरली, दुसरी भरली. दुसरी अगदी गळ्यापर्यंत भरून तिनं बादली काठावर आपटली.

"बाईंसाठी देतीया, तुज्यासाठी न्हाय," ती म्हणाली. "उद्याबी ये. पर दोनच. तिसरी भाकरीची हाय."